बहात्तरचा दुष्काळ आणि पेरूचा पेंग्विन

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला जामजवळ चंद्रपूरचा रस्ता फुटतो. भोवती वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याची काळी जमीन पसरलेली आहे. तिच्यात कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिकं, आणि त्यांतली बहुतेक पावसाच्या भरवशावर. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पेंग्विनवर लिहायला याहून दूरची जागा शोधून सापडणार नाही, असं वाटेल. पण जामच्या शेतकऱ्याची पेरणी साधणार की मोडणार, हे ज्या समुद्राच्या तापमानावर काही अंशी ठरतं, त्याच समुद्राच्या तापमानावर पेंग्विनच्या एका जातीचं जगणं पूर्णपणे अवलंबून आहे. हम्बोल्ट पेंग्विन हे त्या जातीचं नाव. आपल्या राज्यात तो मुंबईच्या राणीच्या बागेत पाहायला मिळतो.

भायखळ्याचं हे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान १८६२ सालचं. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सोलहून तिथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूसंसर्गाने दगावली. मार्च २०१७मध्ये पेंग्विनचं दालन लोकांसाठी खुलं झालं आणि काचेपुढे झुंबड उडाली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिलं पिल्लू जन्मलं, पण ते आठवडाभरच जगलं. २०२१मध्ये मात्र दोन पिल्लं जन्मली आणि वाढली. पुढेही पिल्लं होत राहिली आणि आज तिथे पेंग्विनचं चांगलं कुटुंब नांदतं आहे. दालनातलं तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान राखलेलं असतं.

हे तापमान लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबरात जामच्या शिवारात पहाटे याहून जास्त गारठा असतो. मग काचेआडचा हा पक्षी बर्फातून आला कसा म्हणायचा? तो बर्फातून आलेलाच नाही.

वाळवंटाच्या काठावरचा पक्षी

जगात पेंग्विनच्या साधारण अठरा जाती मानतात. चित्रपटांतून आणि दिनदर्शिकांवरून आपल्याला ओळखीचा झालेला, बर्फावर पायांवर अंडं धरून उभा राहणारा सम्राट पेंग्विन ही त्यांतली एक जात. बाकीच्यांपैकी कित्येक जाती बर्फ न बघताच आयुष्य काढतात. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या प्रशांत महासागराकडच्या किनाऱ्यावर राहतो. तो किनारा म्हणजे जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. पेरूची राजधानी लिमा याच किनाऱ्यावर आहे आणि तिथे वर्षभरात जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पाऊस पडतो. वर्धा जिल्ह्यात सरासरी मीटरभर पडतो. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर पुंता सान ह्वान नावाचं एक भूशिर आहे. हम्बोल्ट पेंग्विनची ती एक मोठी वसाहत. विषुववृत्तापासूनचं अंतर मोजलं, तर ही जागा जामपेक्षाही विषुववृत्ताच्या जवळ भरते.

इतक्या उष्ण पट्ट्यात पेंग्विन तग धरतो, कारण जमीन तापलेली असली तरी शेजारचा समुद्र थंड आहे. दक्षिणेकडून किनाऱ्याला लागून एक थंड प्रवाह वर सरकतो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन निसर्गअभ्यासकाने १८०२मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर त्या पाण्याचं तापमान मोजलं. पुढे प्रवाहाला आणि पेंग्विनलाही त्याचं नाव मिळालं. या हम्बोल्टला हिमालय पाहायला भारतात यायचं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला परवानगीच दिली नाही.

किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे आणि पृथ्वीचं फिरणं यांमुळे पेरूजवळचं वरचं पाणी किनाऱ्यापासून आत, खुल्या समुद्राकडे ढकललं जातं. त्याची जागा भरायला खोलवरचं थंड पाणी वर येतं. तळाकडे साचलेली पोषकद्रव्यं ते सोबत आणतं. उजेड आणि पोषण एकत्र आलं की सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. त्यांच्यावर आंचोवेता नावाचा बोटभर लांबीचा मासा पोसतो. या माशाचे थवे इतके प्रचंड असतात की जगाच्या समुद्राचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या पट्ट्यातून एके काळी जगातले दहा टक्क्यांच्या आसपास मासे निघत. पेंग्विन, पाणकावळे, पेलिकन, समुद्रसिंह, देवमासे आणि माणूस असे सगळे याच माशावर टपलेले.

हम्बोल्ट पेंग्विनचं शरीर तापलेली जमीन आणि थंड समुद्र या दोन टोकांमध्ये जगण्यासाठी घडलेलं आहे. उंची दोन फुटांहून थोडी जास्त, वजन चार-पाच किलो. पंखांची वल्ही झालेली. उडणाऱ्या पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, याची भरीव. त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं. दाट, एकावर एक बसलेली पिसं थंड पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावत राहणं हे त्याचं रोजचं काम. पाठ काळी आणि पोट पांढरं असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो खोल पाण्यात मिसळतो आणि खालून पाहणाऱ्याला उजेडात. डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळतात, म्हणून त्याला समुद्राचं पाणी बाधत नाही.

पाण्याबाहेर आल्यावर प्रश्न उलटा होतो. आता उष्णता बाहेर टाकायची असते. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती याची गुलाबी कातडी उघडी असते. ऊन वाढलं की तिथे रक्त धावतं आणि उष्णता निघून जाते. राणीच्या बागेत गेलात, तर हा गुलाबी भाग जरूर पाहा. छातीवरचे काळे ठिपकेही पाहा. ते प्रत्येक पक्ष्याचे वेगळे असतात आणि आयुष्यभर फारसे बदलत नाहीत. अभ्यासकांना त्यांवरून एकेक पक्षी ओळखता येतो.

खताचा डोंगर आणि हरवलेलं घर

अंडी घालायला या पेंग्विनला सावली हवी. पेरूच्या बेटांवर झाड नाही, झुडूप नाही. पण तिथे पक्ष्यांच्या विष्ठेचे थर होते. पाणकावळे, बूबी आणि पेलिकन यांच्या लाखोंच्या थव्यांनी हजारो वर्षं तिथे मुक्काम केला आणि पाऊस नसल्यामुळे ती विष्ठा वाहून न जाता साठत गेली. काही बेटांवर थराची जाडी दीडशे फुटांच्या घरात पोचली. याच थराला ग्वानो म्हणतात. पेंग्विन त्यात बीळ खणून राहत. बाहेर ऊन रखरखत असताना बिळात मातीच्या जाड भिंतींच्या घरासारखा गारवा असे. त्यात मादी दोन अंडी घाली, नर-मादी पाळीपाळीने चाळीसेक दिवस ती उबवत, आणि पिल्लं अडीच-तीन महिन्यांची झाली की समुद्रात उतरत. साल बरं असेल तर एका वर्षात दोन विणी होत.

ग्वानोमध्ये नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. पेरूतल्या शेतकऱ्यांना ते शतकानुशतकं माहीत होतं, आणि इंका राजवटीत या पक्ष्यांना मारणाऱ्याला कडक शिक्षा होत असे. १८४०नंतर युरोपला त्याचा शोध लागला. रासायनिक खतं अजून रुळली नव्हती आणि युरोपची शेतं थकली होती. पुढच्या चार दशकांत पेरूच्या चिंचा नावाच्या बेटांवरून जहाजांमागून जहाजं भरून ग्वानो गेला. तो खणायला चीनमधून फसवून आणलेल्या मजुरांना राबवलं गेलं, आणि त्यांचे हाल भयानक होते. १८६४मध्ये स्पेनने ही बेटं ताब्यात घेतली आणि त्यातून पुढे युद्ध पेटलं. हजारो वर्षांत साठलेला थर एका पिढीत खडकापर्यंत खरवडला गेला.

पेंग्विनला कोणी मुद्दाम हाकललं नव्हतं, पण त्याच्या घराची जमीनच पोत्यांत भरून गेली. उरलेले पेंग्विन कपारींत, गुहांत आणि उघड्यावर अंडी घालू लागले. उघड्यावरचं अंडं उन्हाने तापतं, आणि घरटं सोडून आई-बाप क्षणभर हलले की समुद्रपक्षी ते पळवतात. एकोणिसाव्या शतकात झालेला हा घाव अजून पूर्ण भरलेला नाही.

एकच साल, दोन किनारे

आता बहात्तरच्या सालाकडे येऊ.

विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावरून वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते पृष्ठभागावरचं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात, म्हणून पेरूकडे खालचं थंड पाणी वर येऊ शकतं. काही वर्षांनी एकदा हे वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेलं गरम पाणी पूर्वेकडे पसरतं आणि पेरूच्या किनाऱ्यावर जाड गरम थर बसतो. खालून वर येणारं पाणीही मग गरमच असतं आणि त्यात पोषकद्रव्यं नसतात. हा फरक साधारण नाताळच्या सुमारास जाणवतो, म्हणून पेरूच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूवरून एल निनो हे नाव दिलं.

गरम पाण्याबरोबर पावसाचे ढगही सरकतात. एरवी इंडोनेशियाच्या बाजूला वर चढणारी हवा प्रशांत महासागराच्या मध्याकडे चढू लागते, आणि भारताच्या बाजूला हवा खाली बसण्याकडे कल वाढतो. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. मान्सून अशक्त होतो.

हे नातं उलगडण्याची सुरुवात भारतातल्या दुष्काळांमुळे झाली. १८९९च्या पावसाने दगा दिला, तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात माणसं आणि जनावरं मोठ्या संख्येने मेली. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. अशा वर्षांची आगाऊ चाहूल लागावी म्हणून गिल्बर्ट वॉकर हा गणिती १९०४मध्ये भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. जगभरच्या वेधशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहताना त्याला दिसलं, की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला तो उतरतो, आणि या हिंदोळ्याशी आपल्या पावसाचा संबंध आहे. हा हिंदोळा आणि पेरूचं गरम पाणी ही एकाच घटनेची दोन रूपं आहेत, हे १९६०च्या दशकाच्या शेवटी याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत १९७२ उजाडलं. महाराष्ट्रात त्या वर्षी काय झालं, हे प्रत्येक घरातल्या जुन्या माणसाला ठाऊक आहे. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली, लोकांनी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, खडी फोडली, पाझर तलाव खोदले. सर्वांत जबर तडाखा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला बसला. रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली ती याच काळात.

त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावर आंचोवेता नाहीसा झाला. १९७०मध्ये तिथे सव्वा कोटी टनांच्या आसपास हा मासा पकडला गेला होता. एवढा उपसा समुद्राला सोसणारा नव्हताच. त्यात एल निनो आला आणि तीनच वर्षांत पकड एक-पंचमांशाच्याही खाली घसरली. बोटी उभ्या राहिल्या, कारखाने बंद पडले, पक्षी उपाशी मेले. आंचोवेताची बहुतेक भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात जाते. भुकटी मिळेना, तेव्हा जगाने प्रथिनांसाठी सोयाबीनच्या पेंडीकडे धाव घेतली. भाव इतके भडकले की १९७३मध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली. विदर्भातल्या शेतांत सोयाबीन त्यानंतर आलं. पण पेरूचा मासा आणि सोयाबीनची पेंड जगाच्या बाजारात तेव्हापासून आजतागायत एकमेकांच्या स्पर्धेत आहेत.

प्रत्येक एल निनो आपल्याकडे दुष्काळ आणतोच, असं मात्र नाही. १९९७चा एल निनो शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी होता, तरीही भारतात पाऊस सरासरीएवढा झाला. हिंदी महासागराचं स्वतःचं तापमानही आपला वाटा उचलत असतं. उलट २००९, २०१४ आणि २०१५मध्ये पाऊस तुटला. २०२३चा ऑगस्ट तर १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी पात्या-फुलांवर आणि सोयाबीन शेंगा धरण्यावर असताना पडलेला असा खंड काय करतो, हे जामच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

उपाशी आई-बाप

पेंग्विनच्या वसाहतीत एल निनो पाऊल न वाजवता येतो. मासा खोल जातो किंवा दक्षिणेकडे सरकतो. एक जण घरट्यात आणि दुसरा समुद्रात, ही पाळी बिघडते. समुद्रात गेलेला वेळेवर परतत नाही. घरट्यात बसलेला काही दिवस भूक मारतो आणि शेवटी अंडी किंवा पिल्लं सोडून निघतो. हा निर्दयपणा नव्हे. प्रौढ पक्षी जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा वीण करू शकतो. पिल्लापाशी बसून मेला तर दोघेही जातात. त्यातच एरवी कोरड्या असलेल्या वाळवंटावर या काळात मुसळधार पाऊस कोसळतो आणि बिळांत पाणी भरतं.

पीस झडण्याचा काळ तर आणखी कठीण. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम टाकतो. नवी येईपर्यंत दोन-तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे मासा मिळत नाही. त्याआधी पोटभर खाऊन चरबी साठवली असेल तरच तो यातून निभावतो. १९८२-८३च्या एल निनोत पेरूच्या किनाऱ्यावरचे निम्म्याहून अधिक हम्बोल्ट पेंग्विन गेले. १९९७-९८मध्ये पुन्हा मोठा फटका बसला.

एल निनो हजारो वर्षं येतो आहे आणि पेंग्विनही हजारो वर्षं तो सोसत आला आहे. पडत्या वर्षांत संख्या घटायची आणि बऱ्या वर्षांत भरून निघायची. आता ती भरून निघत नाही. बऱ्या वर्षांतही मासा आधी बोटी उपसतात. किनाऱ्याजवळ लावलेल्या गळजाळ्यांत पेंग्विन अडकून बुडतात. बेटांवर माणसांबरोबर उंदीर आले, किनाऱ्यावर कुत्रे फिरतात. २०२३च्या सुमारास बर्ड फ्लूची साथ पेरू आणि चिलीत पोचली आणि लाखो समुद्रपक्ष्यांबरोबर हे पेंग्विनही मोठ्या संख्येने मेले. आज या जातीचे सुमारे २४ हजार प्रौढ पक्षी उरले असावेत, असा अंदाज आहे. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तिची नोंद असुरक्षित अशी आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे.

राखण कशी होते

पुंता सान ह्वानला १९४०च्या दशकात एक भिंत बांधली गेली. ती बांधली ग्वानो देणाऱ्या पक्ष्यांसाठी, माणूस आणि कोल्हे आत येऊ नयेत म्हणून. तिच्या आडोशाला पेंग्विनही वाचले. तिथे आजही काही वर्षांच्या अंतराने ग्वानो काढला जातो, पण विणीचा काळ सांभाळून, पेंग्विनच्या जागा वगळून आणि अभ्यासकांच्या नजरेखाली. २००९च्या अखेरीस पेरूने अशी २२ बेटं आणि बेटसमूह व ११ भूशिरं मिळून एक राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर केलं. चिलीने १९९०मध्येच तीन बेटांचं राखीव क्षेत्र केलं आणि त्याला या पेंग्विनचंच नाव दिलं. त्याच्या शेजारी लोहखनिजाची खाण आणि बंदर उभारण्याच्या प्रस्तावावर तिथे गेलं दशकभर झगडा चालू आहे.

बेट राखलं तरी भोवतीचा मासा राखला नाही, तर पेंग्विनला रिकाम्या ताटावर बसवल्यासारखं होतं. दक्षिण आफ्रिकेत हे स्पष्ट दिसलं. तिथला आफ्रिकन पेंग्विन हा हम्बोल्टचा सख्खा भाऊ. त्याच्या वसाहती संरक्षित होत्या, तरीही सारडीन आणि आंचोवी हे छोटे मासे कमी झाल्यामुळे तो झपाट्याने घटला. २०२४मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी करावी लागली. पक्षी-संरक्षण संस्था न्यायालयात गेल्या. २०२५मध्ये तडजोड झाली आणि सहा मोठ्या वसाहतींभोवती सारडीन-आंचोवीची व्यापारी मासेमारी बंद झाली.

आपल्याकडच्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी नाही. जामहून चंद्रपूरकडे गेलं की वरोरा-भद्रावतीचा पट्टा लागतो. तिथे माळढोक असत. आता दिसलाच तर बातमी होते. माळढोकाला पिंजरा नको होता. मोकळं माळरान आणि विजेच्या तारांपासून सुटका हवी होती. गोंदियातले सारस टिकले आहेत, कारण भाताच्या बांध्यांत त्यांची घरटी शेतकऱ्यांनी सांभाळली. पक्षी वाचतो तो त्याचं अन्न आणि घर वाचलं तर. मग ते अन्न समुद्रातला मासा असो की बांधीतला बेडूक.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनमुळे पेरूतले पेंग्विन वाढणार नाहीत. तिथे जन्मणारी पिल्लं त्या समुद्रात सोडली जाणार नाहीत. पण ती काच लाखो मराठी मुलांना एक गोष्ट शिकवू शकते, आणि मला वाटतं तिने ती शिकवायलाच हवी. हा बर्फातला गमतीदार पक्षी नव्हे. उन्हाच्या किनाऱ्यावरचा, एका थंड प्रवाहावर आणि एका छोट्या माशावर जगणारा हा पक्षी आहे. तो प्रवाह गरम झाला की त्याची पिल्लं उपाशी मरतात, आणि आपल्या पावसाची काळजीही त्याच बातमीने सुरू होते. काचेशेजारी प्रशांत महासागराचा एक नकाशा लावला आणि त्यावर पेरू आणि महाराष्ट्र दोन्ही दाखवले, तरी पुष्कळ काम होईल.

दर एप्रिलमध्ये हवामान खातं मान्सूनचा अंदाज सांगतं आणि त्यात एल निनोचा उल्लेख असतो. जामचा शेतकरी तो ऐकून बियाण्याचा आणि कर्जाचा हिशेब मांडतो. पेंग्विनला अंदाज कळत नाही आणि समुद्राचा पारा आपल्याला खाली उतरवता येत नाही. वाईट वर्ष निभावून नेण्यापुरता मासा समुद्रात शिल्लक ठेवणं मात्र माणसाच्या हातात आहे. बहात्तरनंतर महाराष्ट्राने ठरवलं की पाऊस हुकला तरी माणूस उपाशी मरता कामा नये, आणि त्यासाठी रोजगार हमीचा कायदा केला. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर पेंग्विनसाठी मागणी होते आहे ती तेवढीच आहे: दुष्काळ टळणार नसेल, तर निदान कोठार रिकामं करू नका.